तिकिटाविना धावणारी बस आणि तिचा धनी

‘मोफत’ हा शब्द आपल्या सार्वजनिक जीवनात आता इतका गुळगुळीत झाला आहे की तो उच्चारताच ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एका तटाला त्यात गोरगरिबांचे कल्याण दिसते, तर दुसऱ्याला सरकारी तिजोरीची लूट. दोन्ही तट आपापल्या जागी इतके निश्चिंत असतात की प्रत्यक्ष सेवा कशी चालते, तिचा पैसा कोठून येतो आणि तिने माणसांच्या जगण्यात कोणता फरक पडतो, हे तपासून पाहण्याची गरज कोणालाच भासत नाही. बसप्रवासापुरता हा वाद गेल्या काही वर्षांत आपल्या सीमेपर्यंत येऊन ठेपला आहे. त्याचा निवाडा घोषणांवरून न होता अनुभवावरून व्हावा, या हेतूने आम्ही आज वाचकांना थोडे दूर नेऊ इच्छितो. जेथे जाणार आहोत तेथे तिकिटाविना बस धावू लागल्याला जवळजवळ चार दशके होत आली आहेत, आणि तेथील मुलूख आपल्याला वाटतो तितका परका नाही.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. त्यात आपल्या जिल्ह्यासारखे जे प्रशासकीय घटक आहेत त्यांना काउंटी म्हणतात, आणि त्यांपैकी एकीचे नावच ‘आयलंड काउंटी’, म्हणजे बेटांचा जिल्हा, असे आहे. व्हिडबी आणि कॅमानो ही तिच्यातील दोन मोठी बेटे. २०२०च्या शिरगणतीप्रमाणे वस्ती सुमारे ८७ हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम तालुक्याएवढी. व्हिडबी हे लांबच लांब, चिंचोळे बेट आहे. त्याच्या उत्तर टोकाला १९३५ साली बांधलेला पूल आहे आणि दक्षिणेकडील क्लिंटन या गावातून फेरीबोटीने मुख्य भूमीवर जाता येते. दोन्ही बेटे एकाच जिल्ह्यातली खरी. परंतु त्यांना जोडणारा पूलही नाही आणि फेरीही नाही. रस्त्याने एका बेटावरून दुसऱ्यावर जायचे तर शेजारच्या जिल्ह्यांतून वळसा घ्यावा लागतो. दिवाडी, चोडणे, तेरेखोल ही नावे ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत त्या वाचकांना या अडचणीचे स्वरूप निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

अशा विखुरलेल्या वस्तीत खाजगी बसवाला येत नाही, कारण त्याला उतारू मिळत नाहीत. आणि बस नाही म्हणून माणसे मोटारी घेतात, त्यामुळे उतारू आणखी कमी होतात. मोटार चालवू न शकणाऱ्यांचे, म्हणजे म्हाताऱ्यांचे, शाळकरी मुलांचे, अपंगांचे आणि मोटार न परवडणाऱ्यांचे, अशा वेळी घर हेच बंदिस्त बेट होऊन जाते. या चक्रातून बाहेर पडण्यासाठी तेथील नागरिकांनी १९८०च्या दशकात जो मार्ग स्वीकारला तो विचार करण्याजोगा आहे. राज्याच्या कायद्याप्रमाणे त्यांनी सार्वजनिक वाहतुकीसाठी एक स्वतंत्र संस्था स्थापन केली, आणि तिच्या खर्चासाठी आपल्याच खरेदीवर विक्रीकराचा एक लहान अंश लावून घेण्यास मतदानाने संमती दिली. १ डिसेंबर १९८७ रोजी व्हिडबी बेटावर पहिली बस धावली, तेव्हा तिच्यात भाड्याची पेटी नव्हती. कराच्या रूपाने भाडे अगोदरच भरले गेले होते. ते दुसऱ्यांदा मागण्याचे कारण उरले नव्हते.

यामागे भाबडा परोपकार नसून व्यवहाराचा हिशेब होता, हे लक्षात घेतले पाहिजे. लहान वस्तीच्या बससेवेत तिकिटांची एकूण प्राप्ती खर्चाच्या मानाने अगदी तुटपुंजी असते. ती गोळा करण्यासाठी पेट्या बसवा, त्या रोज रिकाम्या करा, नाणी मोजा, हिशेब तपासा, चोरी पकडा, आणि प्रत्येक थांब्यावर सुट्या पैशांसाठी गाडी खोळंबवा. इतके करून हाती जे पडते त्यातील बराच भाग गोळा करण्यातच जिरतो. २०१२ साली अमेरिकेतील परिवहन संशोधन मंडळाने अशा भाडेमुक्त सेवांचा एक आढावा प्रसिद्ध केला. भाडे काढून टाकल्यावर काही महिन्यांतच उतारूंची संख्या २० ते ६० टक्क्यांनी वाढते, असे त्यात नमूद केले आहे. मात्र ही पद्धत लहान गावांना, ग्रामीण भागांना, विद्यापीठांच्या परिसराला आणि पर्यटनस्थळांना मानवते. ज्या महानगरांत तिकिटांची प्राप्तीच मोठी असते तेथे गणित बदलते, हेही त्यातून दिसून येते.

आयलंड काउंटीच्या बसविषयी आम्हाला विशेष वाटते ते तिच्या चालण्याच्या रीतीचे. गावाबाहेरच्या रस्त्यांवर ठराविक थांब्यांचा आग्रह तेथे धरला गेला नाही. गाडी थांबवण्यास सुरक्षित जागा असली की हात दाखवावा आणि बसमध्ये चढावे. आपल्याकडे हात दाखवून बस थांबवणे ही बेशिस्त मानण्याची प्रथा आहे. तिकडे विरळ वस्तीची गरज ओळखून त्यालाच रीतसर नियमाचे स्वरूप दिले गेले. बसची वेळ फेरीबोटीच्या वेळेशी जुळवून घेण्याचा प्रयत्न सुरुवातीपासून झाला, कारण मुख्य भूमीवरच्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत कामाला जाणाऱ्या माणसाला बोट चुकली तर बस मिळाल्याचा काहीच उपयोग नसतो. ज्यांना नेहमीच्या बसमध्ये चढता येत नाही अशा अपंगांसाठी घरापर्यंत येणारी वेगळी गाडी ठेवण्यात आली, आणि तिलाही भाडे नाही.

याचा लोकजीवनावर काय परिणाम होतो, हे आकड्यांत मांडणे कठीण आहे. पण समजून घेणे कठीण नाही. मोटारीत माणूस एकटा असतो. बसमध्ये तो गावातला असतो. नौदलाच्या तळावरचा शिपाई, शाळेतून परतणारी मुलगी, दवाखान्यात निघालेली वृद्धा आणि फेरीकडे धावणारा कामगार एकाच बाकड्यांवर बसतात, आणि भाडे कोणीच देत नसल्यामुळे सवलतीचा पास दाखवणारा आणि पूर्ण तिकीट काढणारा असा भेदही त्यांच्यात उरत नाही. गरिबाला आपली गरिबी कंडक्टरपुढे सिद्ध करावी लागत नाही. आमच्या दृष्टीने भाडेमुक्त बसचा हा मोठा गुण आहे, आणि तिच्या टीकाकारांनी त्याचा विचार फारसा केलेला नाही.

तथापि येथवरची हकीकत सांगून थांबणे म्हणजे वाचकांना अर्धसत्य सांगणे होईल. या बससेवेवर दोनदा मोठी संकटे आली. १९९९ साली वॉशिंग्टन राज्यात वाहनांवरील वार्षिक कर कमी करण्याच्या बाजूने जनमताचा कौल पडला, आणि राज्यभरच्या सार्वजनिक वाहतुकीचा एक मोठा आधार एकाएकी निखळला. बेटांवरच्या बसलाही त्याचा फटका बसला. तेव्हा तेथील मतदारांपुढे प्रश्न सरळ होता: बस हवी असेल तर जास्त कर द्या, नको असेल तर देऊ नका. त्यांनी देण्याचा निर्णय घेतला. आज तेथे १०० डॉलरांच्या करपात्र खरेदीमागे ९० सेंट बसच्या निधीत जातात. दुसरे संकट २०१४ सालचे, आणि ते अधिक बोधप्रद आहे. खर्च उत्पन्नाच्या पुढे गेला, राखीव निधी आटला, शेवटी नोकरांची कपात करावी लागली आणि शनिवारची बस बंद पडली. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हा न्याय अमेरिकेतही चुकत नाही. पुढे घडी बसल्यावर शनिवारची गाडी परत आली. परंतु ज्यांच्याजवळ मोटार नव्हती त्यांनी मधला काळ कसा काढला असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

या दोन प्रसंगांतून आम्ही एक निष्कर्ष काढतो. भाडे नसलेली बस फुकट नसते. तिचे पैसे कोणीतरी देतच असतो, आणि तो कोण आहे हे लोकांना स्पष्ट ठाऊक असेल तरच ती बस टिकते. आयलंड काउंटीच्या नागरिकाला आपल्या खिशातून बससाठी किती जाते हे माहीत होते. म्हणून संकट आले तेव्हा जाब विचारण्याचा अधिकार त्याच्यापाशी होता आणि अधिक देण्याची तयारीही होती. जेथे देणाराच दिसत नाही तेथे सेवा कोणाच्या तरी कृपेने चालते, आणि कृपा केव्हाही आटू शकते.

युरोपातील एस्टोनिया या छोट्या देशाचा अनुभव या संदर्भात ताडून पाहण्यासारखा आहे. तेथील राजधानी तालिनने २०१३ पासून आपल्या रहिवाशांना बस व ट्राम मोफत केली. त्यापाठोपाठ १ जुलै २०१८ पासून देशातील १५ पैकी ११ काउंट्यांमध्ये ग्रामीण बससेवा सर्वांना मोफत करण्यात आली. हेतू स्तुत्य होता: ओस पडत चाललेल्या खेड्यांना शहराशी जोडून ठेवणे. पण पैसा आला तो केंद्र सरकारच्या अंदाजपत्रकातून, आणि जेथे दिवसातून मोजक्या फेऱ्या होत्या तेथे तिकीट गेल्याने फेऱ्या वाढल्या असे नव्हे. २०२१ साली तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानेच या योजनेच्या फलितावर बोट ठेवले. माणसे मोटारी सोडून बसकडे वळतील ही अपेक्षा फळाला आली नव्हती. अखेर २०२४च्या प्रारंभी काम करण्याच्या वयातील प्रौढांना पुन्हा भाडे लागू झाले. तरुण मुले व वृद्ध यांची सवलत तेवढी राहिली. ज्या माणसाला सकाळी सातला कामावर पोहोचायचे आहे त्याला नऊ वाजता येणारी मोफत बस काय कामाची? तिकीट हा त्याच्या अडचणीचा एक भाग होता. वेळापत्रक हा मोठा भाग होता.

आता घराजवळ येऊ. शेजारच्या कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली त्या राज्यातील स्त्रियांना साध्या सरकारी बसमध्ये भाडे पडत नाही. बेळगाव आणि खानापूर भागातील आमच्या मराठी भगिनीही तिचा लाभ घेतात. घरातील पुरुषापुढे भाड्यासाठी हात न पसरता बाजारात, माहेरी, दवाखान्यात वा सौंदत्तीच्या यल्लम्माला जाता येणे याचे मोल ज्यांनी कधी हात पसरला नाही त्यांना कळणार नाही. योजनेला हसणाऱ्यांनी इतके तरी मान्य करावे. परंतु गाड्या तितक्याच आणि उतारू वाढलेले, यामुळे होणारी गर्दीही तितकीच खरी आहे. सरकारने परिवहन महामंडळांना द्यावयाची भरपाई आणि महामंडळांची थकबाकी हा तेथे सततच्या वादाचा विषय झाला, आणि ५ जानेवारी २०२५ पासून राज्यातील बसभाडे १५ टक्क्यांनी वाढवण्यात आले. म्हणजे घरातील एकाचे तिकीट गेले आणि दुसऱ्याचे वाढले. महाराष्ट्रात २०२२ साली ७५ वर्षांवरील वृद्धांना एस.टी. मोफत झाली आणि २०२३ साली स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. तेथेही अंतिम प्रश्न हाच आहे की महामंडळाला तो पैसा वेळेवर मिळतो की नाही, आणि आडगावाला गाडी पोहोचते की नाही.

गोव्याच्या बाबतीत एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. भाडे नसलेले सार्वजनिक वाहन आपल्याकडे पूर्वीपासूनच आहे. ते पाण्यावरून चालते. नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटीतून पायी जाणाऱ्या उतारूला तिकीट काढावे लागत नाही. चोडणेचा विद्यार्थी रायबंदरला उतरतो, दिवाडीची बाई जुन्या गोव्याकडे येते, आणि कोणी त्यांना फुकटे म्हणत नाही. नदी ओलांडणे हा आपला हक्क आहे, अशीच सर्वांची भावना आहे. २०२३ साली दुचाकींवर आकार बसवण्याची गोष्ट निघाली तेव्हा बेटांवरून विरोध झाला आणि तो बेत मागे पडला, तो याच भावनेमुळे. मग आमचा प्रश्न असा की जो माणूस नदीच्या काठावर भाडेमुक्त उतारू असतो, तो धक्क्यावरून वर चढून रस्त्याला लागताच ओझे कसा ठरतो? पाण्यावरचा प्रवास हक्क आणि रस्त्यावरचा प्रवास धंदा, ही वाटणी कोणत्या तत्त्वावर झाली?

आणि आपल्या बसचा इतिहासही काही निमूटपणे घडलेला नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस गोव्यातील विद्यार्थी बसभाड्यात निम्म्या सवलतीसाठी रस्त्यावर उतरले. त्या आंदोलनाने सारा गोवा ढवळून निघाला आणि खाजगी बसमालकांच्या मर्जीवर प्रवाशांना सोडून चालणार नाही, ही जाणीव राज्यकर्त्यांना झाली. १९८० साली कदंब वाहतूक महामंडळ स्थापन झाले. एका पिढीने लढून मिळवलेली ती गोष्ट होती. आजच्या पिढीने मात्र दुचाकी घेऊन त्या प्रश्नातून आपापली सुटका करून घेतली आहे. मुलगा कॉलेजात गेला की पहिली मागणी दुचाकीची होते, आणि ती पुरवताना आईबापांचा जीव रोज टांगणीला लागतो. रस्त्यावरच्या अपघातांच्या बातम्या छापताना आम्हाला हे ठाऊक असते की त्यांतील कित्येक तरुण बस असती तर त्या वेळी दुचाकीवर नसते.

सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे या तालुक्यांतील आतल्या वाड्यांकडे संध्याकाळनंतर बस मिळणे दुरापास्त आहे. खाजगी मालकाला उतारू दिसले तर तो फेरी मारतो, नाहीतर दुपारची फेरी गाळतो. आणि त्याच्या हिशेबाने ते चुकीचेही नाही, कारण त्याचे पोट तिकिटावर आहे. परिणाम मात्र गावाला भोगावा लागतो. फोंड्याला वा पणजीला चांगले नाटक लागले तर आडगावच्या रसिकाला दुसरा अंक संपताना घड्याळाकडे पाहावे लागते. ग्रंथालय उघडे असते, पण तेथून परतण्याची सोय नसते. जत्रेच्या रात्री जादा गाड्या सुटतात, म्हणजे मनात आणले तर गाड्या सोडता येतात हे सिद्ध आहे. पण वर्षातील उरलेल्या रात्री म्हातारी माणसे मुलगा मोकळा होईल तेव्हा, शेजारी जाणार असेल तेव्हा, अशी दुसऱ्यांच्या सवडीवर जगतात.

यावर उद्याच्या उद्या सगळ्या गोव्यात बस मोफत करा, अशी मागणी आम्ही करणार नाही. तसे झाले तर एस्टोनियाचीच पुनरावृत्ती होईल: घोषणा मोठी, गाडी तीच आणि तीही उशिरा. आमच्या मते क्रम उलटा असला पाहिजे. आधी गाडी, मग वेळ, मग तिकिटाचा विचार. एक आडवळणाचा तालुका निवडावा. तेथे पहाटेपासून रात्रीपर्यंत ठराविक अंतराने फेऱ्या बांधून द्याव्यात, जेथे फेरीबोट आहे तेथे तिच्याशी वेळ जुळवावी, आणि त्या फेऱ्या एक वर्ष न चुकता चालवून दाखवाव्यात. खाजगी बसमालकांना हुसकावण्याचे कारण नाही. त्यांना उतारूंमागे नव्हे तर वेळेवर केलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेला मोबदला द्यावा. ज्या बसवाल्याचे पोट तिकिटावर नाही त्याला पुढच्या गाडीशी शर्यत करण्याचे कारण उरत नाही, आणि रिकामी फेरी गाळण्याचा मोहही होत नाही. मग त्याच तालुक्यात तिकीट काढून टाकावे, आणि खर्च किती आला, उतारू किती वाढले, दुचाकी किती थांबल्या, हे लोकांपुढे ठेवावे.

पैशाचे काय, हा प्रश्न रास्त आहे. गोव्यात वाहनांच्या खरेदीवर आणि नोंदणीवर सरकारला मोठे उत्पन्न मिळते. त्यातील ठराविक वाटा बसच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. ज्या वाहनांनी रस्ते कोंडले आहेत त्यांनीच बसचा भार उचलावा, यात अन्याय नाही. आयलंड काउंटीच्या पद्धतीतही एक उणीव आहे हे आम्ही झाकून ठेवत नाही: विक्रीकर गरिबालाही भरावा लागतो आणि त्याच्या मिळकतीच्या मानाने तो त्याला जास्त जाचतो. वॉशिंग्टन राज्यात घरी शिजवण्याच्या अन्नधान्यावर तो कर नाही, एवढाच दिलासा. आपण वाहनांवरील कराचा मार्ग धरला तर ही उणीवही टळेल. मात्र १९९९ साली तिकडे काय झाले ते विसरू नये. एकाच कराच्या खांबावर उभी केलेली बस तो खांब हलताच डळमळते.

लोकांना फुकट दिले की त्यांना किंमत राहत नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. ग्रंथालयाचा वाचनकक्ष, पदपथ, पूल, सार्वजनिक विहीर यांसाठी दारात कोणी तिकीट मागत नाही. म्हणून त्यांची किंमत कमी झाली काय? किंमत कमी होते ती दुर्लक्षाने. धक्क्यावर ताटकळलेल्या माणसाला फेरीबोटीची किंमत विचारा. ज्या वस्तूवर आपला हक्क आहे आणि जिच्यासाठी आपण कर भरला आहे असे माणसाला वाटते, तिची तो काळजी घेतो आणि ती बिघडली तर तक्रारही करतो. म्हणून या योजनेत प्रवाशांच्या प्रतिनिधींना जागा हवी. पंचायतीत जशी ग्रामसभा, तशी बससाठी वर्षातून दोनदा प्रवाशांची सभा व्हावी, आणि फेरी का चुकली याचे उत्तर अधिकाऱ्याने तेथे उभे राहून द्यावे.

आयलंड काउंटीतील माणसे आपल्याहून फार श्रीमंत आहेत, त्यांच्याशी बरोबरी कशी करणार, असा आक्षेप येईल. श्रीमंती त्यांच्यापाशी आहेच. पण त्यांची बस निव्वळ श्रीमंतीवर चालत असती तर २०१४ साली शनिवारची गाडी थांबली नसती. ती चालते ती ‘ही आमची बस आहे’ असे मतपेटीत लिहून देणाऱ्या लोकांमुळे. गोव्यात दर निवडणुकीला उमेदवार काय काय मोफत देणार याची यादी वाचून दाखवतात. या खेपेला मतदारांनी त्यांना एवढेच विचारावे: आमच्या वाड्यावर रात्री आठची बस येईल का, कोणत्या पैशाने येईल, आणि आली नाही तर जाब कोणाला विचारायचा? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जो देईल त्याने मग तिकिटाचे बोलावे.